घरात साठलेला कापूस आणि मनात अडलेला भाव

२०२२ सालच्या दिवाळीनंतर जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत एक विलक्षण दृश्य दिसत होते. वेचणी जोरात चालू होती, पीकही हाती येत होते. परंतु जिनिंग कारखान्यांच्या आवारांतील आवक हंगामाच्या मानाने फारच तुरळक होती. चोपडा, धरणगाव, पारोळा, जामनेर, शिंदखेडा, शिरपूर या तालुक्यांतील खेडोपाडी कापूस शेतातून निघून घरात येत होता आणि तेथेच मुक्काम ठोकत होता. ओसरी भरली, माजघर भरले, काही घरांत माणसांना निजण्यापुरतीच जागा उरली. बाजारात त्या वेळी क्विंटलला साधारण साडेआठ ते नऊ हजार रुपये मिळत होते. लांब धाग्याच्या कापसाचा त्या वर्षीचा हमीभाव होता ६,३८० रुपये. म्हणजे हमीभावाहून दोन हजारांनी अधिक दर समोर असतानाही कापूस हलत नव्हता. ‘थांबू या, भाव येईल,’ हे एकच वाक्य गावोगाव ऐकू येत होते.

भाव आला नाही. नव्या वर्षाच्या आरंभी तो आठ हजारांच्या आसपास घसरला आणि उन्हाळ्यात सात हजारांच्या आगेमागे, काही ठिकाणी त्याहीखाली गेला. घरातल्या कापसाचे वजन वाळून घटले, रंग पिवळट झाला, त्यातल्या किडीमुळे घरच्या माणसांच्या अंगाला खाज सुटू लागली. आखाजी झाली, खरिपाच्या बियाण्याची वेळ आली आणि मग मिळेल त्या भावाने कापूस बाहेर पडला. तीस क्विंटल कापूस असलेल्या कुटुंबाचे उदाहरण घेतले, तर नोव्हेंबरात ८,८०० रुपयांनी दोन लाख चौसष्ट हजार रुपये आले असते. मे महिन्यात सात हजारांनी दोन लाख दहा हजारच आले. वजनातली घट वेगळीच. मुलीचे लग्न, मुलाच्या महाविद्यालयाचे शुल्क किंवा सोसायटीचे कर्ज यांपैकी एखादी गोष्ट एवढ्या रकमेत सहज पुढे ढकलली जाते.

या घटनेवर दोन प्रकारची मते त्या वेळी व्यक्त झाली. शहरातल्या मंडळींनी शेतकऱ्याला हाव सुटली असा निवाडा दिला. शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सारा दोष व्यापारी व सरकार यांच्या माथी मारला. पहिले मत अन्यायाचे आहे आणि दुसरे अपुरे आहे. लाखो माणसे, एकमेकांशी करार न करता, एकाच वेळी एकाच प्रकारचा निर्णय घेतात, तेव्हा त्याचे मूळ हाव या एका शब्दात सापडत नाही. माणूस निर्णय कसा घेतो, या अधिक खोल प्रश्नाकडे त्यासाठी वळावे लागते.

एका वर्षाची आठवण

२०२२–२३ चा निर्णय समजण्यासाठी त्याच्या आदल्या हंगामाकडे पाहिले पाहिजे. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरातील अतिवृष्टीने कापसाचे नुकसान झाले; महासाथीनंतर जगभर कापडाची मागणी मात्र वाढली. परिणामी दिवाळीच्या सुमारास आठ हजारांच्या घरात असलेला भाव २०२२ च्या प्रारंभी दहा हजारांवर गेला आणि उन्हाळ्यात बारा हजारांच्या पुढे पोहोचला. त्या वर्षीचा लांब धाग्याचा हमीभाव ६,०२५ रुपये होता, हे लक्षात घेतले म्हणजे या तेजीचे आश्चर्य कळते. ज्याने दिवाळीत कापूस विकला तो वर्षभर हळहळला. ज्याने ठेवला तो शहाणा ठरला. वास्तविक ठेवणाऱ्यालाही पुढचे काही दिसत नव्हते. तथापि निर्णयाचे फळ चांगले मिळाले की निर्णयही चांगला होता असे मानण्याची माणसाची रीत आहे. गावाने त्या एका वर्षावरून एक नियम काढला : जो थांबतो तो जिंकतो.

हा नियम मोडीत काढणारी माहिती नंतर उपलब्ध झाली नव्हती असे नाही. १४ एप्रिल २०२२ पासून केंद्र सरकारने कापसावरील अकरा टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती सवलत ऑक्टोबरअखेरपर्यंत, म्हणजे नवा कापूस बाजारात येईपर्यंत, चालू ठेवली. मे महिन्यात अमेरिकेच्या वायदेबाजारात पौंडाला दीडशे सेंटच्या वर गेलेली रुई ऑक्टोबर संपता संपता जवळजवळ निम्म्यावर आली होती. परंतु ही माहिती आकड्यांची होती आणि बारा हजारांची आठवण शेजारच्या घरातली होती. शेजाऱ्याने त्या पैशातून घेतलेला ट्रॅक्टर रोज दारात दिसत असतो. न्यूयॉर्कचा वायदा कोणाच्या दारात उभा राहत नाही. जे चटकन आठवते तेच पुन्हा घडेल असे मनाला वाटते. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या एका गाजलेल्या निबंधात मनाच्या या सवयीची मांडणी केली आहे.

त्याच निबंधातील दुसरा एक प्रयोग खानदेशाला विशेष जवळचा वाटावा असा आहे. प्रयोगात भाग घेणाऱ्यांसमोर आकडे लिहिलेले एक चक्र फिरवण्यात आले. ते दहा किंवा पासष्ट याच आकड्यावर थांबेल अशी व्यवस्था गुपचूप केलेली होती. नंतर त्यांना विचारले गेले की, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभासदांत आफ्रिकी देशांचे प्रमाण शेकडा किती असावे? चक्राचा आणि या प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही ज्यांच्यासमोर दहाचा आकडा आला त्यांचा अंदाज सरासरीने पंचवीसच्या आसपास होता आणि ज्यांच्यासमोर पासष्टचा आला त्यांचा पंचेचाळीसच्या आसपास. एकदा कानावर पडलेला आकडा मनात खुंटीसारखा रुततो आणि पुढचा सगळा विचार त्या खुंटीभोवती फिरत राहतो.

गणेशचतुर्थीच्या सुमारास काट्याचे पूजन करून मुहूर्ताची कापूस खरेदी करण्याची खानदेशात प्रथा आहे. थोडासा कापूस येतो, नारळ फुटतो आणि उत्साहाच्या भरात चढा भाव पुकारला जातो. तो भाव सणाचा असतो, बाजाराचा नसतो, हे व्यापारी जाणतो आणि शेतकरीही जाणतो. परंतु दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत छापला जातो तो तोच आकडा. आदल्या उन्हाळ्याची आठवण आणि मुहूर्ताचा पुकारा या दोहोंनी मिळून २०२२ च्या हंगामात मनातली खुंटी दहा हजारांच्या वर ठोकली होती. पुढे बाजाराने जे जे देऊ केले ते त्या खुंटीपासून मोजले गेले.

तोट्याचे गणित निराळे

येथे या प्रकरणाचे खरे मर्म आहे. १९७९ साली काहनेमन व ट्वेर्स्की यांनी मांडलेल्या सिद्धान्ताचा सारांश असा की, माणूस आपल्याजवळ एकूण किती आहे हे मोजत नाही. मनात धरलेल्या एका पातळीपासून किती वर गेलो किंवा किती खाली आलो, हे मोजतो. वर जाण्याने जेवढा आनंद होतो त्याच्या सुमारे दुप्पट दुःख तेवढेच खाली येण्याने होते. आणि वर असताना सावध वागणारा माणूस खाली आला की जुगारी बनतो. त्यांच्या प्रश्नावलीतील एक जोडी बोलकी आहे. नक्की तीन हजारांचा लाभ, की चार हजारांच्या लाभाची शंभरात ऐंशी शक्यता? शंभरांतील ऐंशी जणांनी नक्की मिळणारे तीन हजार पसंत केले. मग तोच प्रश्न उलटा विचारला : नक्की तीन हजारांचा तोटा, की चार हजारांच्या तोट्याची शंभरात ऐंशी शक्यता? आता शंभरांतील ब्याण्णव जणांनी नक्की तोटा नाकारून धोका पत्करला, जरी त्या धोक्याचा सरासरी तोटा नक्की तोट्याहून जास्त होता.

हे गणित कापसाला लावून पाहावे. हमीभाव ६,३८० रुपये ही पातळी धरणाऱ्याच्या दृष्टीने ८,८०० रुपये हा दोन हजार चारशेंचा लाभ होता. तो विकून मोकळा झाला असता. दहा हजार ही पातळी धरणाऱ्याच्या दृष्टीने तोच भाव बाराशेंचा तोटा होता आणि नक्की तोटा घशाखाली उतरवण्यापेक्षा थांबण्याचा धोका त्याला हलका वाटला. भाव तोच, कापूस तोच, काटाही तोच. फरक फक्त मोजायला कोठून सुरुवात केली याचा. भाव आठ हजारांवर आला तेव्हा तोटा वाढला आणि म्हणूनच थांबण्याचा निश्चय अधिक पक्का झाला. ज्या बातमीने कापूस बाहेर यायला हवा होता त्याच बातमीने तो घरात अधिक घट्ट बसला.

यात एक विपरीत गोष्ट घडली, ती ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या अल्पभूधारकाला वेचणीची मजुरी आणि उधारी भागवण्यासाठी दिवाळीनंतर लगेच विकावे लागले, त्याच्या पदरात क्विंटलमागे अधिक पैसे पडले. नडलेला माणूस त्या वर्षी वाचला आणि थांबण्याची ऐपत असलेला फसला. एरवी याच्या उलट घडते. पीक घरात येताच भाव पडतात आणि शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याकडे गेला की ते चढतात, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव खोटा नाही. म्हणूनच थांबणे हा मूर्खपणा होता असे म्हणता येणार नाही. चूक थांबण्यात नव्हती. केव्हा थांबायचे नाही हे आधी न ठरवण्यात होती.

अडाणीपणाचा प्रश्न नव्हे

शिक्षणाच्या अभावी असे होते, असा समज करून घेणारांनी इतिहास चाळावा. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि पश्चिम हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशांचा पूर लोटला. बॅकबेची समुद्रभरणी करणाऱ्या कंपनीसारख्या मंडळ्यांचे भाग भलत्या किमतींना विकले जाऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा मुरब्बी व्यापारी त्यात बुडाला आणि बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून सावरली नाही. युद्ध कधीतरी संपणार हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते? कालचा भाव हाच खरा भाव, ही समजूत तेव्हा मुंबईच्या पेढ्यांवर होती. २०२२ मध्ये ती खानदेशच्या ओसरीवर होती, एवढेच.

आणि आज ती पगारदारांच्या घरांतही आहे. शहराच्या हद्दीवर घेतलेला भूखंड ‘अमुक साली इतके मागत होते’ या एका वाक्यासाठी वर्षानुवर्षे पडून राहतो. पडलेले शेअर जपून ठेवायचे आणि चढलेले घाईने विकायचे, या प्रवृत्तीचे वर्णन शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये केले. तिचा प्रत्यय कार्यालयातल्या मधल्या सुट्टीतल्या गप्पांत कोणालाही येईल. स्पर्धा परीक्षेची पाचवी खेप देणारा पदवीधर ‘चार वर्षे घातली, आता सोडायचे कसे’ असे म्हणतो, तेव्हा तोही घरातला कापूसच राखत असतो. गेलेली चार वर्षे परत येणार नाहीत. प्रश्न पाचव्याचा आहे. परंतु चारांचा तोटा मान्य करण्याच्या दुःखापेक्षा पाचव्याचा धोका त्याला सोसवतो.

विवंचनेचाही निर्णयावर परिणाम होतो. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्याच शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या तोडणीपूर्वी हातात पैसा नसताना आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर, अशा दोन वेळा घेतल्या होत्या. पहिल्या वेळी ते स्पष्टपणे मागे पडले. माणसे तीच होती. पैशांच्या काळजीने मनाची जागा अडवली होती. खानदेशात वर्षातले अवघड निर्णय नेमके याच काळात येतात. ३१ मार्चच्या आत पीककर्ज फेडले तर तीन लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याज माफ. तारीख चुकली की सवलत गेली. आखाजीला सालदाराचा हिशेब आणि नवा करार. त्यापाठोपाठ बियाणे आणि खत. घरात कापूस, हातात पैसा नाही आणि भाव रोज उतरतो आहे, अशा स्थितीत शांतपणे विचार कर, असा उपदेश करणे सोपे आहे.

ओझे कोणाचे?

महाराष्ट्रात १९७२ पासून सुमारे तीस वर्षे कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना होती. तिच्यात दोष पुष्कळ होते. चुकारे थकत, प्रतवारीवरून तंटे होत, शेजारच्या राज्यांत भाव अधिक असला की सीमेवरून कापूस चोरट्या मार्गाने जाई आणि अखेर योजनेचा तोटा सरकारला पेलवेना. ती पुन्हा आणावी असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. परंतु त्या काळात कोणत्या दिवशी विकावे हा प्रश्न शेतकऱ्याच्या डोक्यावर आजच्याइतका नव्हता. खासगी खरेदीला मुभा मिळाल्यावर स्वातंत्र्याबरोबर हा प्रश्नही प्रत्येक घराकडे आला. ज्या प्रश्नापुढे मुंबईच्या पेढ्या हरल्या तो पाच एकरांच्या धन्यावर सोपवला गेला आणि त्याला साधन म्हणून दिले काय? मोबाईलवरची भाकिते. सोयाबीन, तूर, हरभरा, मका यांच्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज घेता येते. जागा व्यापणाऱ्या आणि चटकन पेटणाऱ्या वेचलेल्या कापसाला बहुधा घर हेच गोदाम.

सरकारच्या निर्णयांनाही हेच मानसशास्त्र लागू पडते. बारा हजारांचा भाव पाहून गिरण्यांची ओरड झाली आणि शुल्क उठले. ओरड ज्या भावाची होती तो ओसरल्यावरही सवलत चालूच राहिली. २०२५ मध्ये पुन्हा ऑगस्टच्या मध्यानंतर शुल्क माफ झाले आणि ती मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नव्या कापसाच्या ऐन हंगामात, नेण्यात आली. पेरणीच्या वेळी एक धोरण आणि वेचणीच्या वेळी दुसरे, अशी स्थिती असेल तर शेतकऱ्याने कोणत्या आधारावर बेत आखावा? आयातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर करून हंगामभर न बदलणे, एवढी एक शिस्त सरकारने पाळली तरी हजारो घरांतील निर्णय सोपे होतील.

बाजार समित्यांनाही करण्यासारखे आहे. रोजच्या फलकावर सर्वाधिक भाव ठळकपणे लिहिला जातो. तो भाव किती क्विंटलांना मिळाला, हे कोणी पाहत नाही. बहुतेक माल ज्या दराने गेला तो दर आधी आणि मोठ्या अक्षरांत लिहिला, तर मनातली खुंटी खऱ्या जागी ठोकली जाईल. वर्तमानपत्रांनीही मुहूर्ताच्या भावाखाली तो किती मालाचा आहे हे छापावे.

आणि शेतकऱ्याने? निर्णय संकटाच्या घटकेला घ्यायचा नाही, तो आधी घेऊन ठेवायचा, हे या साऱ्या संशोधनातले व्यवहाराचे सार आहे. केनियातील शेतकऱ्यांना खताची खरेदी पीक विकल्यानंतर लगेच, घरपोच, करण्याची सोय दिली तेव्हा खताचा वापर वाढला, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. हातात पैसा असतानाचा निर्णय पुढच्या तंगीतल्या मोहापासून वाचला. पेरणीच्या वेळीच ठरवून टाकावे की, कापसाचा एक हिस्सा दिवाळीनंतर, दुसरा संक्रांतीनंतर आणि तिसरा पाडव्याच्या आत विकायचा. भाव काहीही असो. वरच्या उदाहरणातील तीस क्विंटल ८,८००, ८,००० आणि ७,००० अशा तीन भावांनी गेले असते तर दोन लाख अडतीस हजार आले असते. उत्तम नव्हे, पण दोन लाख दहा हजारही नव्हे. आणि २०२१–२२ सारख्या तेजीत आठ, दहा व बारा हजारांनी विकून तीन लाख आले असते. सारा कापूस दिवाळीतच विकणाऱ्याचे दोन लाख चाळीस हजार आणि सारा शेवटी विकणाऱ्याचे तीन लाख साठ हजार, यांच्या बरोबर मध्ये. ही रीत कोणत्याही वर्षी गावात नाव काढणार नाही. परंतु तिच्यामुळे कोणत्याही वर्षी घरही बसणार नाही.

तरीही ज्याला थांबायचेच आहे त्याने स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा : घरात कापसाऐवजी तेवढ्याच किमतीची रोकड असती, तर आजच्या भावाने तो पैसा घालून बाजारातून कापूस विकत घेऊन घरात भरला असता काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर घरातला कापूस ठेवण्यालाही कारण उरत नाही. ठेवणे हीसुद्धा रोजची खरेदीच असते. भूखंडाला, शेअरला आणि परीक्षेच्या पाचव्या खेपेलाही हाच प्रश्न लागू आहे. बारा हजारांचा भाव एकदा आला होता हे खरे. पण आजच्या काट्यावर तो मोजला जात नाही, हेही तितकेच खरे.